शेवटच्या वर्षाचे वळण

हाती घेतलेले कार्य तडीस न्यावे, ही शिकवण आपल्या मनावर बालपणापासून इतकी बिंबविली जाते की, कोणी काही अर्ध्यावर सोडले तर आपण त्याचे कारण शोधीतच नाही; सोडणारा दुबळा होता, एवढे म्हणून मोकळे होतो. आम्हीही त्याच समजुतीत वाढलो. गेल्या पावसाळ्यात तिला प्रथमच तडा गेला.

आमची कचेरी बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात आहे. येथल्याच साध्या शेडमध्ये १९७२ साली ‘आर्यभट’ या पहिल्या भारतीय उपग्रहाचे काम सुरू झाले आणि १९ एप्रिल १९७५ रोजी तो अवकाशात गेला. आमच्या कानी मात्र दिवसभर पडते ती लेथची घरघर. कचेरीजवळच बेळगावकडील एका गृहस्थांचा जॉबवर्कचा छोटा कारखाना आहे. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि तीन माणसे. परमुलखात मराठी शब्द ऐकू आला की पाऊल थबकतेच. तसा आमचा तेथे चहाचा राबता सुरू झाला. त्यांचा मुलगा यंत्र अभियांत्रिकीच्या चौथ्या वर्षात होता. एके संध्याकाळी त्याने आम्हांस मेट्रो स्थानकाच्या जिन्यावर गाठले. म्हणाला, “काका, मला यातले पुढे काही करायचे नाही. इतिहास शिकायचा आहे. तुम्ही बाबांशी बोला ना.”

आम्ही ताबडतोब उपदेश केला : एवढे वर्ष संपव, मग पाहू. तो म्हणाला, “वर्ष मी संपवीनही. पण बाबा माझ्यासाठी नवे मशीन घ्यायला कर्ज काढताहेत.”

येथे आमचा उपदेश खुंटला.

नियमांपुरते बोलावयाचे तर प्रश्न सोपा झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षण मध्येच थांबविण्याची व पुन्हा सुरू करण्याची वाट मान्य केली. परंतु नियम परवानगी देतो. ऋण फेडीत नाही. ज्यांच्या घामावर ही वर्षे उभी राहिली, त्यांचा त्या वर्षांवर हक्क किती, हा खरा प्रश्न आहे.

याच बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ साली बी. ए. झालेले विश्वेश्वरय्या म्हैसूर सरकारच्या साहाय्याने पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकी शिकावयास गेले आणि १८८३ मध्ये तेथील परीक्षेत पहिले आले. त्यांची बी. ए. ची वर्षे वाया गेली, असे कोणी म्हणत नाही. उलट १९१६ साली बडोद्याहून इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा सुरतेस उतरून काशीला गेले. एकाने पदवी घेऊन वळण घेतले, दुसऱ्याने परीक्षाच सोडून. तेव्हा पुरे करणे किंवा सोडणे यांवरून मनुष्याची परीक्षा होत नाही. विनोबांनी मुंबईस न जाता दुसरीकडे जात असल्याचे पत्र वडिलांना लिहिले होते, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या प्रस्थानाइतकीच महत्त्वाची वाटते.

ती का वाटते, हे सांगावयास आता संकोच करू नये. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षात असताना आमचेही मन त्या विषयातून उठले होते. ओढ होती ती मराठीची. वडील प्राथमिक शिक्षक. आमच्या वसतिगृहाचे पैसे त्यांनी पतपेढीचे कर्ज काढून भरले होते. आम्ही विषय बदलला नाही आणि बोललोही नाही. दुसऱ्या वर्गात पदवी घेतली, नोकरीच्या परीक्षा दिल्या आणि आज्ञाधारक ठरलो. मुलाला रसायनाची फार आवड, असे ते अखेरपर्यंत लोकांना अभिमानाने सांगत राहिले. ते गेल्यावर आम्हांस उमगले की, ज्या मुलाचा त्यांना अभिमान होता, तो मुलगा कधी नव्हताच. आम्ही त्यांना फसविले ते विषय बदलून नव्हे, गप्प राहून.

म्हणून आम्ही त्या मुलाला एवढेच म्हटले, “मी बोलणार नाही. तू बोल, आणि कर्जाच्या कागदांवर सही होण्याआधी बोल. मी शेजारी उभा राहीन.”

तो बोलला. त्याच्या वडिलांनी लेथ बंद केली. बराच वेळ ते कापडाला हात पुसत राहिले. मग म्हणाले, “बघा की, जॉब मापापेक्षा कमी उतरला तर त्यावर आणखी तास घालून भरून येत नाही. पण मोजल्याशिवाय भंगारातही टाकायचा नसतो.” आणि मुलाकडे न पाहता पुढे म्हणाले, “इतिहास वाचून पोट कसे भरणार, ते लिहून आण.”

कर्ज निघाले नाही. मुलगा वर्ष पुरे करीत आहे. इतिहास त्याला जवळ करील की नाही, हे आम्ही कसे सांगावे? नव्या मशीनसाठी रिकामी केलेली जागा अजून तशीच आहे आणि तिच्याकडे पाहताना त्या गृहस्थांचा चेहरा उतरतो, हेही आम्ही पाहतो. सत्याने घरातले दुःख टळले नाही. परंतु आता बाप ज्याच्यासाठी दुःख करतो, तो त्याचा खरा मुलगा आहे.

आपण सारे बदलीच्या हुकुमावर गावे बदलणारी माणसे. तेथे सही वरिष्ठांची असते. स्वतःच्या सहीने वळण घेणाऱ्याने एवढे तरी करावे. ज्यांनी वाटखर्च दिला, त्यांना वाट बदलल्याचे वेळेवर कळवावे.