न धावणारे दिवे

अनंत चतुर्दशीच्या रात्री राजवाड्यापाशी उभे राहून झांक्या पाहिल्या नाहीत, असे जुने मराठी घर इंदुरात क्वचितच सापडेल. कापडगिरण्यांच्या कामगारांनी सुमारे शंभर वर्षे जपलेल्या या देखाव्यांत लहानपणी आम्हांस सर्वाधिक भुलवी ती कमानीवरून सरसर धावणारी प्रकाशाची माळ. वस्तुतः तिच्यातला एकही दिवा जागचा हलत नाही. एक विझतो, शेजारचा लागतो; धावते ती आपली दृष्टी.

मॅक्स वेर्थहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली हे प्रयोगाने दाखविले. दोन रेषा एकीमागून एक दाखविल्या आणि मधला काळ सेकंदाच्या सोळाव्या भागाच्या आसपास ठेवला, तर एकच रेषा सरकताना दिसते. तो काळ फार कमी केल्यास दोन्ही रेषा एकदमच उमटल्यासारख्या वाटतात. फार वाढविल्यास त्या सुट्या, परक्या होतात. तुटक क्षण सांधून गती घडविते ते मन.

याला केवळ भ्रम म्हणून हिणवावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. सांधण्याची ही शक्ती नसती, तर अमीरखाँसाहेबांच्या अतिविलंबित ख्यालात आपल्याला नुसते सुटे स्वरच ऐकू आले असते.

परंतु सांधणाऱ्या मनाला मधला अंधार दिसत नाही. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. भोंगा थांबला, झांकी मात्र कामगारांनी मदत गोळा करून काढली. आम्ही रस्त्याकडेला उभे राहून टाळ्या वाजविल्या, एका वर्षाचा उजेड दुसऱ्याला जोडला आणि परंपरा चालू असल्याचे समाधान मानले. सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या देण्यापोटी २२४ कोटी रुपये मार्गी लागण्यास डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. तोवर कित्येकांचे डोळे मिटले होते.

आमच्या मराठीपणाचेही असेच होत नाही ना? गणपती, कोजागरी, एखादी व्याख्यानमाला, असे दिवे लागत जातात आणि भाषा पुढे चालली आहे असे आम्हांस दिसते. मधल्या दिवसांत नातवंडांशी आम्ही कोणत्या भाषेत बोलतो, तिकडे लक्ष जात नाही.

येत्या चतुर्दशीला धावता प्रकाश अवश्य पाहावा. मात्र क्षणभर एकाच दिव्यावर नजर ठेवावी. तो किती वेळ विझलेला असतो, तेही मग दिसेल.