घोड्याला कोण विचारतो?

शांत नदी बघितली की माणसाला तत्त्वज्ञान सुचतं, हा समज ज्यानं पसरवला त्याचं पोट भरलेलं असावं. मला शांत नदी बघितली की चहा सुचतो. पण इंग्लंडातल्या स्टाउर नदीच्या काठी, फ्लॅटफर्ड नावाच्या चिमुकल्या वाडीत, चहा पोटात गेल्यावरही एक प्रश्न डोक्यातून जाईना. प्रश्न घोड्याचा होता.

फ्लॅटफर्ड म्हणजे एक जुनी पाणचक्की, चार घरं, एक लाकडी पूल, संपलं! नदीचा अलीकडचा काठ सफोक परगण्यात, पलीकडचा एसेक्समध्ये. पात्र एवढंसं की या काठच्या म्हातारीला त्या काठच्या म्हातारीशी भांडताना आवाजसुद्धा चढवावा लागू नये. तरीही या ओढावजा नदीला जगात मान आहे, कारण जॉन कॉन्स्टेबल. नाव पोलिसाचं असलं तरी माणूस चित्रकार. १७७६ साली शेजारच्या ईस्ट बर्गहोल्टमध्ये जन्मला. पाणचक्की त्याच्या वडिलांची, आणि नदीतून दळलेलं पीठ वाहणारे पडावही त्यांचेच. म्हणजे पोरानं पुढं जे सौंदर्य रंगवलं, ते आधी घरच्या धंद्याचं होतं.

१७०५ साली पार्लमेंटनं कायदा करून सडबरीपासून मॅनिंगट्रीपर्यंत ही नदी मालवाहतुकीसाठी खुली केली. नदी खुली झाली, पण काठ? काठावर शेतं, शेतांना मालक, मालकांना गुरं. पडाव ओढणारा घोडा काठाच्या वाटेनं चालायचा, आणि त्याच वाटेवर, गुरं दुसऱ्याच्या रानात शिरू नयेत म्हणून, आडवी कुंपणं. मग घोड्यानं काय करावं? उडी मारावी! तसं त्याला शिकवलेलंच असे. शिवाय वाट मध्येच नदीच्या दुसऱ्या काठाला जाई. तिथे घोड्याला पडावात चढवून पलीकडे नेत. इतका वेळ ज्या पडावाला ओढायचं, त्याच पडावात घटकाभर पाहुणा म्हणून बसायचं. नोकरदार माणसाला ही अवस्था समजावून सांगायला नको.

आता न्याय करायला बसा. मालकाचं चुकलं? छे, गुरं सुटली तर शेजाऱ्याचं पीक गेलं. पडाववाल्याचं चुकलं? त्याचंही नाही, पीठ वेळेवर पोचायला हवं. दोघांचंही बरोबर. आणि दोघांचंही बरोबर असलं की उडी मारायला तिसरा लागतो. फाटक का बसवलं नाही, असं तुम्ही विचाराल. अहो, फाटक आलं की प्रश्न आले. खर्च कुणी करायचा? उघडं कुणी टाकलं? बिजागरीला तेल कुणी घालायचं? घोड्याचं तसं नाही. घोडा बिल पाठवत नाही.

हा विचार मी मोठ्या उत्साहानं सौभाग्यवतींना ऐकवला. शेवटी म्हणालो, "पण काय रुबाबदार उडी असेल नाही!" त्या थर्मासचं झाकण लावत म्हणाल्या, "तुमच्या घरी तीस वर्षं सगळे हेच म्हणत आलेत. हिच्या अंगात सहनशक्ती फार. फाटक काही कुणी बसवलं नाही." मी लगेच नदीतली बदकं मोजू लागलो. सात होती.

पण मुद्दा तोच आहे. कौतुक ही फार स्वस्त वस्तू आहे. ज्याच्या वाटेत आपण कुंपण घातलं त्याच्या उडीला टाळ्या दिल्या, की हिशेब चुकता झाल्यासारखा वाटतो. घोड्याला उडी मारायला आवडतही असेल, असं म्हणणारे भेटतात. असेलही. पण आवड ओळखायची एकच रीत मला माहीत आहे: शेजारी उघडं फाटक ठेवावं, आणि मग बघावं तो कुठून जातो.

कॉन्स्टेबलनं १८२५ साली ही उडी रंगवली. 'द लीपिंग हॉर्स', चांगलं सहा फुटी चित्र. प्रदर्शनातून चित्र परत आल्यावरही त्याचं समाधान होईना. एके दिवशी पहाटे उठून त्यानं घोड्याजवळचं विलोचं जुनं खोड काढून टाकलं, आणि चित्र पुष्कळ सुधारलं असं त्याचं मत पडलं. कलेच्या दृष्टीनं बरोबरच असणार. मला आपलं वाटतं, एवढ्या पहाटे उठलाच होतास, हातात कुंचला होता, तर बाबा, खोडाऐवजी ते आडवं लाकूड काढायचंस! पण मग उडी राहिली नसती, आणि उडी नाही तर चित्र नाही. सुंदर गोष्टींची अडचण ही अशी असते.

पुढे १८४९ साली सडबरीला आगगाडी आली. हळूहळू पडाव गेले, घोडे गेले. आता त्या काठानं फ्लॅटफर्डहून डेडहॅमला हौशी मंडळी पायी जातात, आणि त्यांच्यासाठी वाटेत छान लाकडी फाटकं आहेत. गुरं आजही चरतात, फाटकातून बाहेर पडत नाहीत. म्हणजे फाटक बसवणं अशक्य कधीच नव्हतं. फक्त त्या वाटेनं जाणारा असा हवा होता, की ज्याला उडी मार म्हणायची कुणाची हिंमत होऊ नये.