निष्ठा कुणाच्या चरणी?



निष्ठा हे मनाचे मोठे धन आहे. गुरूंच्या ठायी असली तर ती माणसाला तारते, कर्तव्याच्या ठायी असली तर घर सावरते. हीच निष्ठा आज नकळत एखाद्या कंपनीच्या चिन्हाला वाहिली जाते.

प्लेस्टेशन श्रेष्ठ की एक्सबॉक्स, यावरून मित्रामित्रांत अबोला होतो. पण एक्सबॉक्सची मालक असलेल्या मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये आपला ‘सी ऑफ थीव्ज’ हा गेम सोनीच्या प्लेस्टेशनवरही विकायला आणला. मालकांचा व्यवहार जमला, भांडत राहिले ते भक्त. यात कंपन्यांनी काही पाप केले नाही. नफा पाहणे हे व्यापाऱ्याचे कामच आहे. दुकानदाराला देव्हाऱ्यात बसवले ते आपण.

हे घडते कसे? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी या घसरणीच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. विषयाचे चिंतन करता करता त्याची ओढ लागते, ओढीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून मोह आणि शेवटी बुद्धीचा नाश. पोकेमॉन कार्डांचे बंद पाकीट घ्या. आत कोणते कार्ड आहे, हे फोडल्याशिवाय कळत नाही. हवे ते निघाले नाही की मन म्हणते, "आणखी एकच!" गेममधल्या पैसे देऊन उघडायच्या पेट्याही तशाच. बेल्जियमच्या जुगार नियामक आयोगाने २०१८ मध्ये काही गेममधल्या अशा पेट्यांना जुगारच ठरवले.

वाणिज्य शाखेत आम्हाला शिकवतात, की बुडालेल्या खर्चाकडे पाहून पुढचा निर्णय घेऊ नये. मन मात्र म्हणते, "इतके घातले, आता कसे सोडू?" सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर भारतात बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला सेवा थांबली. पैसे मोजून घेतलेले पोशाख हाताबाहेर गेले. जुलै २०२१ मध्ये खेळ नव्या नावाने परतला, अनेकांना जुना संग्रहही मिळाला. पण ‘माझे’ म्हणून जपलेल्या त्या वस्तूंवर आपली सत्ता किती, हे मधल्या आठ महिन्यांनी दाखवून दिले.

याचा अर्थ छंद सोडा असा नाही. खेळाने मनाला विसावा मिळतो, संग्रहाने जाण वाढते. योगसूत्रांतील पाच यमांपैकी एक असलेला अपरिग्रह म्हणजे वस्तूंचा द्वेष नव्हे. गरजेपलीकडची पकड सैल करणे होय.

या महिन्यात एवढेच करा. छंदाचा हिशेब वहीत लिहा, एका रकान्यात रुपये, दुसऱ्यात तास. नव्या खरेदीआधी सात दिवस थांबा. त्यानंतरही ती वस्तू खरोखर हवी असेल आणि परवडत असेल, तर निवांत मनाने घ्या. पैसे आई-बाबांच्या खात्यातून जात असतील, तर वही त्यांनाही दाखवा. दाखवताना हात अडखळला, तर आपले उत्तर तिथेच मिळाले.

वस्तू हातात असावी, हृदयात नसावी. निष्ठा कुठे वाहावी, हे ओळखण्याची सद्बुद्धी परमेश्वराने आपणा सर्वांना द्यावी, हीच प्रार्थना.