पोच

गेल्या दिवाळीच्या आधी पंधरा दिवसांची गोष्ट. दिवेलागणीच्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. वहाणा दाराशी काढून ओटीवर बसला. चहा झाला, पावसाच्या आणि भाताच्या गोष्टी झाल्या, आणि मग त्याने खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला.

"गुरुजी, एवढं पत्र वाचता का? मला जे कळलंय ते बरोबर आहे का, तेवढंच सांगा."

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरतेच आहे. तरीही दोनदा वाचून पाहिले. त्याला जे कळले होते ते बरोबर होते, आणि ते चुकले असते तर फार बरे झाले असते.

हा मुलगा चित्रे काढतो. पहिलीत असताना पाढ्यांच्या पाटीवर बैल काढल्याबद्दल मी त्याला उभे केले होते. आता तो संगणकावर काढतो, आणि त्या वेळी त्याने अमेरिकेतील एका गृहस्थाच्या मुलांसाठीच्या पुस्तकाची बत्तीस चित्रे काढून दिली होती. ठरलेला मोबदला तीनशे डॉलर. चित्रे पसंत पडली. त्या भल्या गृहस्थाने पैसेही त्याच दिवशी धाडले. मात्र ते मधल्या एका कंपनीपाशी येऊन थांबले होते. तुमच्या निरनिराळ्या कागदांवरील नावे एकमेकांशी जुळत नाहीत, खात्री पटेपर्यंत रक्कम रोखून ठेवण्यात येत आहे, असा त्या पत्राचा आशय होता.

मी म्हटले, "अरे, येतील दोन दिवसांनी. एवढं काय मनावर घेतोस?"

तो म्हणाला, "गुरुजी, पैशाचं नाही एवढं. बाबा म्हणतात, काम केलंस तर पैसे कुठायत?"

त्याचे वडील गवंडी आहेत. उभ्या आयुष्यात त्यांना मजुरी कळली ती बाजाराच्या दिवशी हातावर पडणारी. भिंत उभी राहिली की ती चार माणसांना दिसते. तिचा दामही दिसतो. मुलाची भिंत मात्र कोणाला दिसत नव्हती आणि तिचा दामही दिसत नव्हता. दिसत होता तो फक्त रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जळणारा दिवा आणि सकाळी उशिरा उठणारा मुलगा. बापाने काय समजावे?

त्या रात्री मला झोप लागेना. माणसाने काम केले, ते धन्याला आवडले, धन्याने पैसे दिले आणि तरीही माणसाला ते मिळाले नाहीत. यात अन्याय झाला की नाही? झाला असेल तर तो केला कोणी? अन्याय करणारा सापडत नसेल, तर त्याला अन्याय म्हणावे, की केवळ दैव म्हणून सोडून द्यावे? प्रश्न दिसायला तीनशे डॉलरचा आहे. पण मला तो त्याहून मोठा वाटतो.

दूर देशी पैसा पोचविण्याची विद्या आपल्याला नवी नाही. काशीयात्रेला निघालेला माणूस कमरेला रुपये बांधून जात नसे. सावकाराकडे रुपये भरून हुंडी घेई आणि काशीच्या पेढीवर ती वटवी. रुपया जागचा हलत नसे, हले ती पत. या सोयीसाठी जे द्यावे लागे त्याला आपल्या भाषेत 'हुंडणावळ' असा नेमका शब्द आहे. हुंडणावळ ही काही लपूनछपून घेतलेली रक्कम नव्हे. बाजारात तिचा भाव उघड असे, आणि हुंडी घेणाऱ्याला आपण किती मोजले ते ठाऊक असे. पुढे १८८० साली पोस्टाची मनीऑर्डर आली. आमच्या कोकणातल्या किती चुली मुंबईच्या मनीऑर्डरीवर पेटल्या याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. ती जुनी कागदी मनीऑर्डर २०१५ साली थांबली आणि तारांतून जाणारी तेवढी उरली. पण तिच्यातली एक गोष्ट विसरण्याजोगी नाही. मनीऑर्डरचे कमिशन पाठविणारा भरीत असे. शंभर पाठविले तर गावाकडे आईच्या हाती शंभरच पडत. आणि एवढ्यावर व्यवहार संपत नसे. आईचा अंगठा उमटलेली पोच परत मुंबईला जाई. ती चाळीतल्या खोलीत येऊन पडली म्हणजे मुलाच्या जिवात जीव येई. मी दिले, हे तेव्हा पुरेसे नव्हते. तिला मिळाले, हे कळावे लागे.

आजचा व्यवहार कसा चालतो? सामान्य समजूत अशी, की तारेतून डॉलर येतात. डॉलर येत नाहीत. जगभरच्या बँकांमध्ये निरोपांची ने-आण करणारी स्विफ्ट नावाची एक संस्था १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झाली. ती फक्त निरोप पोचविते. एका बँकेचे दुसऱ्या बँकेत खाते असते, त्यात इकडचा आकडा कमी आणि तिकडचा जास्त होतो. दोघींची ओळख नसेल तर मध्ये तिसरी येते, कधी चौथीही येते, आणि प्रत्येक जण आपापली हुंडणावळ कापून घेते. म्हणजे तत्त्व हुंडीचेच. फरक इतकाच, की ही कपात बहुधा घेणाऱ्याच्या वाट्याला येते, आणि तिचा काही भाग डॉलरच्या दरातच मुरलेला असतो. वर्तमानपत्रात छापलेला दर एक आणि आपल्याला मिळालेला दर दुसरा; मधल्या अंतराला कोणी कमिशन म्हणत नाही, म्हणून ते कमिशन नसते असे मात्र नाही. शिवाय काम मिळवून देणाऱ्या बाजारपेठेचा वाटा वेगळाच. अपवर्क नावाच्या प्रसिद्ध बाजारपेठेत २०१६ ते २०२३ या काळात एकेका गिऱ्हाइकाकडून मिळणाऱ्या पहिल्या पाचशे डॉलरांवर शेकडा वीस कापले जात. नवशिक्याचा वाटा असा सर्वांत अधिक कापला जाई. ज्याचे थोडे, त्याचेच जास्त.

हे झाले पैसे येतात तिथले. पुष्कळ ठिकाणी दारच बंद असते. पेपल या अमेरिकन कंपनीमार्फत जगातले कितीतरी लोक पैसे देतात-घेतात. फेब्रुवारी २०१० मध्ये तिने भारतात येणारी आणि भारतातून जाणारी व्यक्तिगत देवघेव एकाएकी थांबविली, आणि अनेकांचे कष्टाचे पैसे अधांतरी राहिले. १ मार्च २०११ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा मार्गाने एका वेळी पाचशे डॉलरहून अधिक घेता येईनात. ती मर्यादा पुढे वाढविण्यात आली. आपल्याकडे निदान दार किलकिले राहिले. पाकिस्तान कित्येक वर्षे त्या कंपनीच्या यादीतच नव्हता. नायजेरियात ती २०१४ साली गेली, पण कशी? तिथल्या माणसाने परदेशी पैसे पाठवावेत, घेऊ मात्र नयेत, अशा रीतीने. गिऱ्हाईक म्हणून तो विश्वासार्ह, कामगार म्हणून संशयित!

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. न ऐकता निकाल देणे हे शिक्षकाला शोभत नाही. पैशाच्या या वाटांवरून चोरही चालतात. अफूचा, शस्त्रांचा, लाचेचा पैसा याच मार्गाने धुऊन निघतो. तो अडविण्यासाठी १९८९ साली बड्या राष्ट्रांनी एक कृतिदल नेमले. ज्या देशांची व्यवस्था ढिली आढळते त्यांची नावे ते एका यादीत घालते. पाकिस्तान २०१८ पासून २०२२ पर्यंत त्या यादीत होता. बँकांनी हयगय केली तर दंड होतो, आणि तो थोडाथोडका नसतो. मेक्सिकोतल्या अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांचा पैसा आपल्या खात्यांतून वाहू दिल्याबद्दल एचएसबीसीला २०१२ साली अमेरिकेत सुमारे १.९ अब्ज डॉलर भरावे लागले. असा फटका बसलेला मनुष्य पुढे ताकही फुंकून पितो, आणि बँका ही माणसेच चालवितात.

हे सारे मला समजते. तरीही एक गोष्ट पटत नाही. वर्गात कोणाची पेन्सिल हरवली तर मास्तर दप्तरे तपासतो. तो त्याचा अधिकारच आहे. पण शेजारच्या गावची मुले चोर असतात असे म्हणून त्या गावच्या मुलांना शाळेतच घ्यायचे नाही, हे तपासणे नव्हे. हे तपासण्याचे कष्ट वाचविणे आहे. एका गरीब देशातल्या हजार माणसांची चौकशी करण्यापेक्षा त्या देशाचे नावच खोडून टाकणे स्वस्त पडते, म्हणून ते खोडले जाते. आणि यातला विरोधाभास पाहा: हयगय केली ती बड्या पेढ्यांनी; तिचे प्रायश्चित्त मात्र लाहोरमधल्या भाषांतर करणाऱ्या मुलीने आणि लागोसमधल्या चित्रकाराने घ्यायचे.

माणसाची पारख त्याच्या देशावरून करावी का? जुन्या बाजारात 'शाहजोग' हुंडी असे. तिचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसालाच द्यायचे, असा दंडक होता. म्हणजे ओळख पटवून घेणे तेव्हाही होते. पण ती ओळख माणसाची असे. पेढीवरचा मुनीम तोंड पाहून, चार जणांना विचारून खात्री करी. त्यातही अन्याय होत असतीलच. ओळख नसलेल्याला तिथेही ताटकळावे लागत असेल. पण निदान ज्याला विचारायचे असा कोणी समोर बसलेला असे. माझ्या विद्यार्थ्याने पाठविलेल्या पत्रांना जी उत्तरे आली ती सारी अक्षरशः एकसारखी होती. ती माणसाने लिहिली की यंत्राने, हेही कळायला मार्ग नव्हता.

कोणी म्हणतात, घरबसल्या डॉलर मिळतात, मग चार दिवस उशीर झाला तर कुरकुर कसली? हा युक्तिवाद माझ्या शेजाऱ्यांनीच केला. त्यांना मी एवढेच विचारले, की तुमच्या पगाराला महिना उशीर झाला आणि साहेब म्हणाले, शेतमजुरापेक्षा तुम्हाला जास्तच मिळते, तर तुम्ही गप्प बसाल का? मजुरी ही कृपा नव्हे. दुसऱ्याला कमी मिळते म्हणून माझे येणे लहान होत नाही. जगातल्या काही धर्मांनी मजुरी केव्हा द्यावी हे माणसाच्या मर्जीवर सोडलेले नाही. ज्यूंच्या धर्मशास्त्रात सूर्यास्ताची मर्यादा आहे, इस्लामी परंपरेत घाम वाळण्याची. आपल्याकडे खळ्यावरच बलुतेदाराचा वाटा काढून ठेवीत. जातीच्या त्या जुन्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होते, पण वाट्याची वेळ तिलाही ठरवावी लागली होती. कारण भुकेला तारीख समजत नाही.

आणि हे अशक्यही नाही. २०११ साली लंडनमध्ये राहणाऱ्या दोन एस्टोनियन मित्रांनी एक कंपनी काढली. एकाला पगार युरोत मिळे आणि खर्च पौंडांत करावा लागे. दुसऱ्याचे नेमके उलट. दोघांनी आपापसांत अदलाबदल केली आणि बँकेची हुंडणावळ वाचविली. त्यातून आज वाइज नावाने ओळखली जाणारी कंपनी उभी राहिली. आपले जुने सावकार हे ऐकून मिशीतल्या मिशीत हसले असते. आपल्याकडे २०१६ साली यूपीआय आले आणि भाजीवालीलाही क्षणात पैसे मिळू लागले. २०२३ साली ती वाट सिंगापूरला जोडली गेली. परदेशातून घरी पैसे धाडण्याचा खर्च २०३० पर्यंत शेकडा तीनच्या खाली आणावा, असे संयुक्त राष्ट्रसंघाने ठरविले आहे. आज तो सरासरीने सहाच्या वर आहे. जिथे इच्छा आहे तिथे वाट निघते. जिथे वाट नाही, तिथे बहुधा त्या माणसाची कोणाला निकड नसते.

मग दोष कोणाचा? अमेरिकेतल्या गृहस्थाचा नाही, त्याने पैसे दिले. कंपनीचा म्हणावा तर ती नियमाकडे बोट दाखविते, आणि नियम चोराकडे. या साखळीची कडी न् कडी तपासताना एक कडी अचानक माझ्या हाती आली.

दुसऱ्या दिवशी त्याचे सारे कागद पसरून आम्ही बसलो. आधारकार्डावर वडिलांचे नाव 'राव' लावून होते. बँकेच्या पुस्तकात आडनाव आधी. आणि शाळेच्या दाखल्यावर 'राव' नव्हताच. दाखल्यावरून पुढचे कागद झाले, त्यांतही तो नव्हता. मी दाखल्यावरचे अक्षर पाहिले. ते माझे होते. अठरा वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी दारात उभे राहून, चुन्याने पांढरे झालेले हात मागे घेऊन, आपले नाव सांगितले होते. गवंड्याने स्वतःला 'राव' कसे म्हणवून घ्यावे, या संकोचाने त्यांनी ते आखूड सांगितले असेल. मीही विचारले नाही. रजिस्टर भरायची घाई होती, बाहेर अजून वीस पालक उभे होते. दोन अक्षरे गळाली. मीही नियमानेच वागलो होतो. सांगितले ते लिहिले.

तेव्हा मला उमगले, की अशा अन्यायाला करणारा नसतो असे नाही. त्याला करणारे पुष्कळ असतात, आणि प्रत्येकाचा वाटा इतका लहान असतो की तो आपल्याला दिसत नाही. प्रत्येक जण आपले काम हातावेगळे झाले की हात झटकतो. मी दिले, मी लिहिले, मी पाठविले. त्याला मिळाले का, हे विचारणे कोणाचेच काम नसते.

मी मुख्याध्यापकांशी बोललो, प्रतिज्ञापत्र झाले, तालुक्याला चार खेपा झाल्या. एकेचाळिसाव्या दिवशी पैसे आले. दिवाळी होऊन गेली होती. सगळी कपात जाऊन तीनशेचे अडीचशेच्या आसपास उरले. मुलाने बँकेतून नोटा काढून वडिलांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी त्या मोजल्या नाहीत. नुसत्या हातात धरून म्हणाले, "मी उगाच बोललो रे." ते चाळीस दिवस मात्र कोणत्याही कंपनीला परत करता येण्याजोगे नव्हते.

त्या संध्याकाळी घरी परतताना मला आठवले, की माझ्या कादंबरीचे हस्तलिखित संगणकावर टंकित करून देणाऱ्या बाईंचे अकराशे रुपये श्रावणापासून द्यायचे आहेत. प्रकाशकाकडून आले की देऊ, असे मी मनाशी म्हणत आलो होतो. आमच्या दोघांमध्ये ना समुद्र होता, ना बँक. दोन गल्ल्या होत्या. मी परस्पर त्यांच्याकडे गेलो, पैसे दिले आणि उशीर झाल्याबद्दल क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, तुमचे कुठे जातात?" हे वाक्य मी स्वतःही कितीदा ऐकविले होते! कुठे जात नाहीत, हे खरे. पण येतही नव्हते.

आपल्या भाषेत 'पोच' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पैसे मिळाल्याची खूण ती पोच. आणि माणसाची समज, त्याचे भान, तीही पोच. एखाद्याला दुसऱ्याची अडचण कळत नसेल तर 'त्याला पोच नाही' असे आपण म्हणतो. हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे आले, ते भाषापंडितांनी सांगावे. मला वाटते, ते मुळात फारसे वेगळे नसावेत.