काही न दाखवणारे चित्र

चित्रात काहीच दिसत नसेल तर चित्रकाराने केले तरी काय? आमच्या बीड जिल्ह्यात हा प्रश्न कोणी विचारला तर त्याला अडाणी समजू नये. इथल्या असंख्य कुटुंबांचे श्रम टनांत मोजले जातात. पावसाळा सरला की नवराबायकोचा 'कोयता' उचल घेऊन साखर कारखान्याच्या वाटेला लागतो. किती ऊस तोडला यावर त्याचा हिशेब होतो. वासुदेव संतू गायतोंडे हे मात्र वर्षाकाठी पाच-सहाच चित्रे करीत आणि बराच काळ नुसते बसून असत. त्यांच्या एका चित्राला २०१३ साली मुंबईच्या लिलावात तेवीस कोटींहून अधिक रुपये मिळाले. हे ऐकून फडातल्या माणसाला काय वाटावे?

प्रथम त्यांची रीत पाहू. गायतोंडे १९२४ साली नागपूरला जन्मले. १९४८ साली सर जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडले. पुढे त्यांच्या चित्रांतून माणसे, झाडे, घरे निघून गेली. 'अमूर्त' हे विशेषणही त्यांना रुचत नसे. मूर्त वस्तू समोर ठेवून मग ती पुसून टाकावी, असा त्यांचा व्यवहारच नव्हता. ते कुंचल्याऐवजी रूळ वापरीत, छापखान्यात शाई पसरायला असतो तसा. पात्याने रंग खरवडीत. ओल्या रंगावर मासिकांच्या, वर्तमानपत्रांच्या कागदाचे तुकडे दाबून ते उचलून घेत. कागदाबरोबर वरचा थर निघे आणि खालचा रंग उजळून येई.

ही क्रिया वस्तुतः मुद्राचित्रणाच्या जवळची आहे. मुद्राचित्रकार शाई लावलेल्या पाटीवर कागद दाबतो, आणि तो कागद हेच त्याचे चित्र. गायतोंड्यांकडे याच्या उलट घडते. ठसा घेतलेला कागद बाजूला पडतो आणि ज्यावरून ठसा उचलला ते चित्र म्हणून उरते. कागद सोलून काढीपर्यंत खाली काय उमटले, हे करणाऱ्यालाही पुरते ठाऊक नसते. कुंचला हाताची आज्ञा पाळतो. दाबलेला कागद अर्धीच पाळतो. आपल्या इच्छेला इतपत मुरड घालणे आम्हांला केवळ तंत्राची गोष्ट वाटत नाही.

आमच्याच अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांबीच्या त्या वस्त्रावर त्यांनी 'पंचीकरण' लिहिले. जे डोळ्यांना दिसत नाही ते कापडावर उतरवण्याची ओढ या भूमीला नवी नव्हे. तथापि दासोपंतांनी अक्षरांचा आधार घेतला. गायतोंड्यांनी तोही घेतला नाही, म्हणून त्यांच्यापुढे उभे राहणे अधिक कठीण.

आता तो हिशेब. कोट्यवधींची किंमत चित्रकाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. दिल्लीत निजामुद्दीनच्या लहानशा जागेत ते एकटे, साधेपणाने राहिले, आणि २००१ साली वारले. तो लिलाव त्यानंतर बारा वर्षांनी झाला. त्यांचे बसणे आळसाचे होते असेही आम्ही मानीत नाही. मागणी वाढली म्हणून चित्रे वाढवणे त्यांना सहज शक्य होते; त्यांनी ते केले नाही. परंतु एवढ्याने प्रश्न मिटत नाही. शांतपणे बसून राहण्याची मुभा एकाला मिळते, आणि पहाटेपासून मोळ्या बांधणाऱ्या बाईला तान्ह्या लेकराला पाजण्यापुरतीही मिळत नाही, ही विषमता कोणत्याही चित्राने झाकली जात नाही. चित्रांतल्या शांततेला ऐषआराम म्हणून हिणवणारे मात्र ही शांतता त्या बाईलाही हवी असेल, हे धरूनच चालत नाहीत. तिला फक्त भाकरीच कळते, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकले आहे. आम्हांला हा तिचा अधिक मोठा अपमान वाटतो.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा चित्रसंग्रह आहे. त्यात गायतोंड्यांची चित्रे आहेत. मुंबईला जाणे झालेच तर मुलांना तिथे अवश्य न्यावे, आणि 'हे कशाचे चित्र?' असे त्यांनी विचारले तर उत्तर देण्याची घाई करू नये.