टेक्सन्सचा वारस कोण?

डॅलस टेक्सन्स हा अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक संघ एनएफएल या लीगमध्ये १९५२चा एकच हंगाम खेळला. १२ सामने, १ विजय. एनएफएलमध्ये बुडालेला हा शेवटचा संघ मानला जातो. पण तो खरोखर बुडाला का, याचे उत्तर नुसत्या दप्तरात सापडत नाही. काय उरले म्हणजे संघ उरला म्हणायचे, हे आधी ठरवावे लागते.

त्याचा जन्मही कोऱ्या पाटीवर झाला नव्हता. न्यूयॉर्क यँक्स हा तोट्यातला संघ मोडला आणि त्याचे खेळाडू डॅलसच्या कापड व्यवसायातल्या जाइल्स मिलर यांच्या गटाकडे आले. कॉटन बोल या अवाढव्य मैदानात गर्दी काही जमेना. नोव्हेंबरच्या मध्यावर मिलर यांनी हात टेकले आणि संघ लीगच्या स्वाधीन केला. मुक्काम पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी हलला. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ओहायोतल्या ॲक्रनमध्ये शिकागो बेअर्सशी सामना झाला, तेव्हा प्रेक्षक होते जेमतेम तीनेक हजार. एकेका खेळाडूची ओळख करून देण्यापेक्षा सगळ्यांनी वर जाऊन प्रेक्षकांशी हस्तांदोलनच करावे, असे प्रशिक्षक जिमी फेलन म्हणाल्याचे सांगतात. टेक्सन्स २७-२३ असे जिंकले. तो एकुलता विजय मिळाला तेव्हा संघाला ना गाव होते, ना मालक.

१९५३मध्ये खेळाडूंचे करार बाल्टिमोरला गेले. तिथल्या नव्या संघाने नाव घेतले कोल्ट्स, तेही त्याच शहरात १९५०नंतर बंद पडलेल्या संघाचे. जिनो मार्चेटी आणि आर्ट डोनोव्हन हे दोघे टेक्सन्सकडूनच आलेले. कोल्ट्सने १९५८ आणि १९५९ची अजिंक्यपदे जिंकली तेव्हाही ते संघात होते. लीगच्या नोंदीत मात्र कोल्ट्सचा इतिहास १९५३पासूनच सुरू होतो.

‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतात, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? एकही भाग रथ नव्हे. रथ हे व्यवहारापुरते नाव. टेक्सन्सना हे उत्तर चपखल बसते, पण व्यवहार कोणाचा, हा प्रश्न उरतोच. १९८४मध्ये कोल्ट्स एका रात्रीत इंडियानापोलिसला गेले आणि सगळा इतिहास सोबत गेला. १९९६मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सचे खेळाडू बाल्टिमोरला गेले, पण क्लीव्हलँड शहर अडून बसले म्हणून नाव, रंग आणि विक्रम तिथेच राहिले. बाल्टिमोरचा रेव्हन्स नवा संघ ठरला. घटना जवळपास सारखी, निवाडे मात्र उलटे. फरक पडला तो हक्क सांगणाऱ्यांमुळे. ११ पराभवांची नोंद आपली म्हणायला डॅलसमधून कोणी पुढे आले नाही, आणि बाल्टिमोरला तर ती नकोच होती.

नाव तेवढे कामी आले. लामार हंट यांनी १९६०मध्ये डॅलसमध्ये प्रतिस्पर्धी लीगचा संघ काढला, त्यालाही टेक्सन्सच म्हटले. तो १९६३मध्ये कॅन्सस सिटीला गेला आणि चीफ्स झाला. नाव पुन्हा मागेच राहिले.