ओटीतल्या माणसांचा होकार

ऑपरेशन थिएटरमधल्या (ओटीतल्या) कर्मचाऱ्यांना संशोधनाविषयी आस्था नाही, हा निष्कर्ष पदव्युत्तर प्रबंधांतून आणि परिषदांमधून सर्रास निघतो. पुरावा म्हणून कोऱ्या किंवा अर्धवट प्रश्नावल्या दाखवल्या जातात. त्या वाटल्या कशा जातात, हे मात्र कुणी सांगत नाही. रेसिडेंट डॉक्टर इन्चार्ज सिस्टरच्या हाती गठ्ठा देतो. लिस्ट चालू असते, ट्रॉली लावायची असते, पुढचा पेशंट टेबलवर घ्यायचा असतो. ‘भरून टाका गं पटापट’ असं म्हणून मिळवलेल्या होकाराला सहभाग म्हणता येत नाही. आणि न आलेल्या उत्तराला अनास्था ठरवणं अन्यायाचं आहे.

न्यूरेंबर्ग संहिता (१९४७) आणि हेलसिंकी जाहीरनामा (१९६४) सर्वांना ठाऊक आहेत. संमतीचा विचार तिथे रुग्णाभोवती उभा राहिला आणि ते योग्यच झालं. पण ओटीतला कर्मचारी त्या चौकटीत कुठेच नव्हता, तो आपोआप संशोधकाचा हात धरला गेला. ही सवय त्या संहितांहूनही जुनी आहे. कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात जंतुनाशक मर्क्युरिक क्लोराइडने सोलवटले, म्हणून सर्जन हॉल्स्टेड यांनी १८९० च्या सुमारास तिच्यासाठी रबरी हातमोजे करवून घेतले. पुढे त्या मोज्यांनी जखमेतला जंतुसंसर्ग कमी होतो हे आकड्यांनिशी मांडलं गेलं, ते सर्जनांच्या नावावर. शोधाची सुरुवात जिच्या हातांपासून झाली, ती गोष्टीतलं एक पात्र राहिली.

खरं वळण आलं २००७ साली, आणि माझ्या मते तेच सर्वांत चुकीचं वाचलं गेलं आहे. त्याआधी अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) टाकतानाची पाच पायऱ्यांची यादी लागू केली. रक्तातल्या संसर्गाचं प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशांनी उतरलं. २००७ मध्ये मात्र अमेरिकी सरकारच्या संशोधन-संरक्षण कार्यालयाने आक्षेप घेतला की रुग्णांची आणि कर्मचाऱ्यांची संमती घेतलेली नाही. सर्जन आणि लेखक अतुल गावंडे यांनी या निर्णयावर कडाडून लिहिलं, गदारोळ झाला आणि २००८ च्या फेब्रुवारीत कार्यालयाने वाट मोकळी केली. तेव्हापासून हा प्रसंग ‘नियमांचे कागद विरुद्ध माणसांचे जीव’ असाच सांगितला जातो.

जीव वाचवणारं काम अडायला नको होतं, यात शंका नाही. पण त्या आक्षेपातला अर्धा भाग आपण फेकून दिला. ज्याच्या वागण्याची नोंद होते आहे, ज्याच्या चुका मोजल्या जात आहेत, तो कर्मचारीही संशोधनाचा विषय असतो, हे तिथे सरकारी कागदावर ठळकपणे आलं होतं. शिवाय मिशिगनमध्ये यश आलं ते निव्वळ कागदाने नव्हे. पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार तिथे परिचारिकांना दिला होता. काम करणाऱ्यांना त्या प्रयोगात खरा वाटा होता.

पुढचा इतिहास याच प्रकाशात वाचावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-सुरक्षा यादीचा अभ्यास २००९ मध्ये आला. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. तीच यादी कॅनडातल्या ऑन्टारिओत सक्तीने आली. २०१४ च्या अभ्यासात तिथल्या १०१ रुग्णालयांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही, जरी यादी पाळली जाते असं जवळपास सगळीच रुग्णालयं कळवत होती. यावर अनेक खुलासे दिले गेले. मला दिसतं ते हे: वरून आलेल्या आदेशाने टिकमार्क मिळतो, मन मिळत नाही.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी कनिष्ठ आणि कर्मचाऱ्यांना सहज दबावाखाली येणाऱ्यांत गणलं आहे. नकार दिला तर ड्यूटी लावताना त्याची आठवण ठेवली जाईल, ही भीती ओटीत खरी असते.

म्हणून नैतिकता समित्यांच्या सदस्यांना विनंती आहे. ओटीच्या कर्मचाऱ्यांवरचा पुढचा प्रस्ताव आला की तीन गोष्टी विचारा. फॉर्म वरिष्ठांच्या हातून जाणार आहे का? तो भरायला ड्यूटीतला वेळ दिला आहे का? निघालेलं उत्तर सिस्टर, टेक्निशियन आणि मावशींना परत सांगितलं जाणार आहे का? समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर तो प्रस्ताव परत पाठवा.